तुळईतून वाडगा
मुंबई-पुण्यातील जुनी चाळ किंवा वाडा पाडला जातो, तेव्हा दगडविटांबरोबर सागवानी तुळयाही खाली येतात. त्यांत अनेकदा ब्रह्मदेशी साग, म्हणजेच ‘बर्मा टीक’ असतो. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत इंग्रजांकडे गेला आणि या सागाचा व्यापार विस्तारला.

अशा तुळईच्या तुकड्यातून लेथवर वाडगा कातता येतो. ओल्या लाकडाचा वाडगा प्रथम जाडसर कातून काही महिने सुकवावा लागतो. अन्यथा तो वाकतो किंवा तडकतो. वर्षानुवर्षे छपराखाली सुकलेल्या तुळईला ही प्रतीक्षा सहसा लागत नाही. मात्र सागात वाळूसारखा सिलिका असल्याने हत्याराला वारंवार धार लावावी लागते.

खरा धोका लाकडाच्या गतायुष्यात दडलेला असतो. आत मोडून राहिलेला खिळा हत्यार बिघडवतो, प्रसंगी कारागिरालाही इजा करतो. म्हणून आधी धातुशोधक यंत्राने तपासणी करणे इष्ट. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा. वाळवीचे औषध मुरल्याची शंका असल्यास वाडगा खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, शोभेपुरताच ठेवावा.

खिळ्याभोवतीचा काळा डाग मात्र निरुपद्रवी असतो. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगातून तो उमटतो. खोलवर गेलेला हा डाग कातल्यावरही उरतो आणि पाडलेल्या घराची तेवढी खूण वाडग्यात राहते.