पडद्यावर काय लुकलुकतं?

काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहताना उजळ भाग काळा-पांढरा लुकलुकला, तर तिथला तपशील गेला. ८ बिट जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ पातळ्या. तिन्ही रंग २५५ ला टेकले की उरतो कोरा पांढरा.

• झेब्रा : शटर दाबण्याआधीच अतिउजळ भागावर दिसणारे तिरपे पट्टे.

• लाल जास्वंद : उन्हात बहुधा फक्त लाल रंग टोकाला जातो. पाकळीच्या शिरा पुसल्या जातात, तरी एकत्रित हिस्टोग्रॅम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) निर्धोक दिसू शकतो. म्हणून तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्रॅम पाहावा.

• रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) : लुकलुकण्याचा इशारा सहसा जेपेगवरून ठरतो. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पातळ्या. त्यामुळे लुकलुकणारा थोडा भाग रॉमधून अनेकदा परत मिळतो.

• सूर्यबिंब, स्टीलवरची चमक : लुकलुकू द्यावी.