पीठ एक, मागण्या दोन!

बालमित्रांनो, आमच्या मोझरीकडे बेसन-भाकर करायची तर डाळीचं पीठ हवं. पिठासाठी चण्याची डाळ, अन् डाळ दळायला चक्की! लिनक्सचंही असंच. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते जगापुढे आणलं. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ हे त्याचंच भारतीय रूप. ते ‘डेबियन’वरून बेतलंय.

समजा, संगणकांच्या जाळ्यातून काय ये-जा चालते ते पाहायला ‘वायरशार्क’ बसवायचंय. त्याला ‘लिबपीकॅप’ लागतं. अशी सामग्री जमवायचं काम डेबियनमध्ये ‘ॲप्ट’ करतं. पण कधी तेच अडून बसतं! का बरं? आईला बेसनासाठी पीठ बारीक हवं, आजीला लाडवांसाठी जाडसर. आणि डबा एकच! तसंच एका प्रोग्रामला सामग्रीची जुनी आवृत्ती हवी असते, दुसऱ्याला नवी.

मग करायचं काय?

१. आलेली सूचना शेवटपर्यंत वाचा. कोण कशासाठी अडलंय, ते तिथंच कळतं.

२. ‘अपडेट’ देऊन ॲप्टची यादी ताजी करा.

३. काही अर्धवट बसलं असेल, तर ‘फिक्स-ब्रोकन’ वापरा.

४. वेगवेगळ्या आवृत्त्यांची भांडारं एकत्र जोडली आहेत का, ते तपासा. पुष्कळदा भांडणाचं मूळ तिथंच सापडतं!

आणि हो, ॲप्ट कधी विचारतं, ‘एवढं काढून टाकू का?’ न वाचता ‘हो’ म्हणालात, तर शाळेच्या संगणकातला चालता प्रोग्रामही जायचा! यादी वाचा, शंका आली तर ‘नाही’ म्हणा आणि गुरुजींना दाखवा.