चंचल मूल आणि अवधानाचें न्यून

“नीट लक्ष दे!” ही आज्ञा घरांत व शाळेंत मुलांना जितक्या वेळां ऐकावी लागते, तितक्या वेळां दुसरी कोणतीही क्वचितच ऐकावी लागत असेल. या आज्ञेच्या मुळाशीं अशी समजूत असते कीं, लक्ष देणें वा न देणें हें सर्वस्वीं मुलाच्या मर्जीवर अवलंबून आहे. ज्यानें लक्ष दिलें नाहीं त्यानें तें जाणूनबुजून दिलें नाहीं. सबब तो आळशी किंवा उनाड होय, असा निकाल देऊन वडील मंडळी मोकळी होतात. परंतु शेंकडा ५ च्या सुमारास मुलें अशीं असतात कीं, त्यांना हा न्याय लावणें म्हणजे अधू दृष्टीच्या मुलास फळ्यावरील अक्षरें दिसत नाहींत म्हणून छडी मारण्यासारखें आहे.

अवधान ही वरवर पाहतां एकच शक्ति वाटते. वस्तुतः तींत तीन निरनिराळीं कामें सामावलेलीं आहेत. कानांवर व डोळ्यांवर एकाच वेळीं आदळणाऱ्या अनेक गोष्टींतून एक निवडणें, हें पहिलें. ती संपेपर्यंत तिच्यावर मन टिकवून धरणें, हें दुसरें. आणि दुसरीकडे धांव घेऊं पाहणाऱ्या मनास आवरणें, हें तिसरें. या कामीं कपाळामागील मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो. ही व्यवस्था ज्यांच्या ठिकाणीं दुबळी असते, त्यांना गुरुजींचा आवाज, खिडकीबाहेरचा भोंगा आणि शेजारच्या मुलाची कुजबुज हीं सारखींच निकडीचीं भासतात.

येथें घरोघर एक आक्षेप निघतो. जो मुलगा गणिताच्या पुस्तकापाशीं दहा मिनिटें बसत नाहीं, तोच पतंग उडविण्यांत किंवा पडद्यावरील खेळांत तासन् तास कसा रमतो? याचें उत्तर असें कीं, उतारावर पाणी आपोआप वाहतें. चढावर तें मोटेनें ओढून न्यावें लागतें. आवडीचा विषय मनास स्वतःच ओढून नेतो. नावडत्या पण आवश्यक कामाकडे मन वळविण्यास मात्र मोट लागते, आणि या मुलांची मोटच अधू असते. न्यून अवधानाचें नव्हे, अवधानाच्या नियमनाचें आहे.

वैद्यकाला ही स्थिति नवी नाहीं. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनीं १७९८ सालीं मनोविकारांवरील आपल्या ग्रंथांत चित्त स्थिर न राहण्याच्या विकाराचें वर्णन केलें. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढें दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धि शाबूत असूनही स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचा प्रश्न मांडला. मात्र त्यांनीं त्यास नैतिक संयमाचें न्यून म्हटल्यामुळें दोषाचा डाग कायम राहिला. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड येथें चार्लस ब्रॅडली यांनीं ३० मुलांना बेंझेड्रीन हें उत्तेजक औषध दिलें. उत्तेजकानें मुलें अधिकच बेफाम होतील असें कोणासही वाटावें. परंतु त्यांपैकीं १४ मुलांच्या अभ्यासांत विलक्षण सुधारणा दिसून आली. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या वर्गीकरणांत ‘अवधान-न्यूनता’ हें नांव स्वीकारलें, व १९८७ सालीं त्यास अतिचांचल्याची जोड दिली. नीतीच्या कोष्टकांतून हा विषय याप्रमाणें अवधानाच्या कोष्टकांत आला.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून या स्थितीचा आनुवंशिकतेशीं फार निकटचा संबंध दिसतो. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, मेंदूच्या वरच्या थराची जी जाडी इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास पूर्ण होते, ती या मुलांत साडेदहाच्या सुमारास होते. वाढ त्याच मार्गानें होते, परंतु उशिरां. साखर खाल्ल्यानें किंवा आईच्या लाडांमुळें हा दोष उत्पन्न होतो, या समजुतीस आधार नाहीं.

तथापि प्रत्येक खोडकर मूल या वर्गांत घालणें हेंही तितकेंच चुकीचें होय. लक्षणें निदान सहा महिने टिकलेलीं असावीं. तीं बारा वर्षांच्या आंत दिसूं लागलेलीं असावीं. आणि केवळ शाळेंत किंवा केवळ घरीं नव्हे, तर एकाहून अधिक ठिकाणीं अडथळा आणणारीं असावीं. कमी ऐकूं येणें, अपुरी झोंप किंवा घरांतील कलह यांमुळेंही मूल असेंच वागूं शकतें. म्हणून निर्णय तज्ज्ञावर सोंपवावा. मुलींच्या बाबतींत विशेष सावध राहावें लागतें. त्या पुष्कळदां धिंगाणा घालीत नाहींत. मागच्या बाकावर मुकाट्यानें हरवून बसतात, आणि कोणाचेंही लक्ष त्यांच्याकडे जात नाहीं.

उपाय दुहेरी आहे. १९४४ सालीं बाझेल येथें प्रथम तयार झालेलें मेथिलफेनिडेट हें औषध आजही वापरण्यांत आहे. तें दोष मुळांतून घालवीत नाहीं. शरीरांत असेपर्यंत आधार देतें. भूक मंदावणें, झोंप उडणें असे त्रास संभवत असल्यानें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावें. अगदीं लहान मुलांच्या बाबतींत आईबापांचें शिक्षण हाच पहिला उपचार होय: एका वेळीं एकच सूचना, मोठ्या कामाचे लहान तुकडे, ठराविक दिनक्रम, पुढचें बांक, आणि जमलेल्या कामाची तात्काळ शाबासकी.

कित्येकांच्या ठिकाणीं हें न्यून मोठेपणींही टिकतें; पण त्याहून जास्त टिकतो तो बालपणीं बसलेला शिक्का. दहा वर्षें ‘आळशी’ हा शब्द ऐकलेलें मूल अखेरीस त्यावर विश्वास ठेवतें, व मग प्रयत्नही सोडतें. मेंदूच्या वाढीस लागणारा वेळ कोणास कमी करतां येत नाहीं. परंतु त्या काळांत मुलाचा स्वतःवरील विश्वास जपणें मात्र घरच्या माणसांच्या हातीं असतें.