टाळूतून दिसणारा मेंदू : अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी थोडेसे

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' हा समज आजही कानावर येतो. तो साफ खोटा आहे. पोटात जितके दिवस अधिक, तितके बाळ सुरक्षित. आज अशी पुष्कळ बाळे वाचतात. मग आईबापांपुढे दुसरा प्रश्न उभा राहतो : मूल चालेल ना? शिकेल ना? आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. तरी मेंदूच्या तपासणीतून काय कळते, ते साध्या शब्दांत मांडत आहोत.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. बाळाची टाळू भरलेली नसते. त्या मऊ जागेवर यंत्र टेकवले की मेंदू पडद्यावर दिसतो. यात क्ष-किरण नाहीत, भूल नाही. या बाळांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक असतात आणि रक्तस्राव बहुधा पहिल्या तीन दिवसांतच होतो. त्याच्या १९७८ साली मांडलेल्या चार पायऱ्या डॉक्टर अजूनही वापरतात. पहिल्या दोन सौम्य, पुढच्या दोन गंभीर.

दुसरी इजा मेंदूतील पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला होते. पायांकडे जाणारे तंतू तेथूनच जातात, म्हणून अशा मुलांचे पाय ताठर होण्याचा धोका असतो. ही इजा दिसायला काही आठवडे लागतात. म्हणूनच पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर पुन्हा बोलावतात. ती फेरी चुकवू नये.

एमआरआयमध्ये बारीक इजाही दिसते. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६७ बाळांचा एमआरआय त्यांचे दिवस भरण्याच्या सुमारास केला आणि दोन वर्षांनी मुले तपासली. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पांढऱ्या भागाची इजा जास्त, तिथे चालण्या-शिकण्यातील अडचणीही जास्त, असे आढळले. पण इजा दिसूनही बरी वाढलेली मुले होती आणि चित्र स्वच्छ असूनही मागे पडलेली होती. पासबुकात झालेले व्यवहार दिसतात, पुढचे नाही. तसेच हे आहे. रिपोर्ट धोका सांगतो, नशीब नव्हे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातील, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. कित्येकांच्या अडचणी शाळेत गेल्यावर, विशेषतः गणितात, उघड झाल्या. म्हणजे खरी तपासणी वर्षानुवर्षे चालते.

इथेच आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याची अडचण आहे. जिल्हा अफाट, अकोल्याहून जिल्ह्याच्या गावी यायचे तर दिवस मोडतो. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला गेली की तपासणीच्या तारखा हुकतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड व रिपोर्ट कपड्यांच्या पेटीत नीट ठेवून सोबत न्यावेत आणि जाण्याआधी आशाताईंना सांगावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना बाळ दाखवावे.

वय मोजताना दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे दोन महिने वजा करावेत. सहा महिन्यांचे बाळ चार महिन्यांच्या बाळासारखे वागले तर घाबरू नये. मात्र पाय ताठर वाटणे, मान न धरणे, नजर न मिळवणे असे काही दिसले तर 'होईल आपोआप' म्हणून थांबू नये. व्यायाम व उपचार जितके लवकर सुरू होतील, तितका लाभ अधिक.