सदोष चिपचा चोख हिशेब

पेनड्राइव्हमधली फ्लॅश चिप कारखान्यातून निघते तेव्हाच तिचे काही ब्लॉक निकामी असतात. उत्पादक हे लपवत नाही. 1024 पैकी किमान 1004 ब्लॉक चांगले, अशी हमी कित्येक चिपच्या माहितीपत्रकात छापलेली असे. उरलेल्या ब्लॉकवर कारखान्यातच 'खराब' अशी खूण केलेली असते.

या मोकळेपणाचं मूळ स्वस्ताईत आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1987 साली नँड फ्लॅशची रचना मांडली. तिच्यात सेल एकामागे एक ओवलेले असल्याने जागा कमी लागते. पण लिहायचं पानापानाने आणि पुसायचं तर अख्खा ब्लॉक. एका दोषासाठी सगळी चिप फेकली असती, तर ती सामान्य माणसाला कधीच परवडली नसती.

मग खराब ब्लॉकचा हिशेब ठेवायचा कोणी? 1995 च्या स्मार्टमीडिया कार्डात नुसती चिप होती, हिशेब कॅमेऱ्याकडे. त्यामुळे मोठ्या क्षमतेचं नवं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात चालेना. सॅनडिस्कने 1994 मध्येच कॉम्पॅक्टफ्लॅशच्या पोटात कंट्रोलर बसवला होता. माझ्या मते खरी बाजी तिथेच मारली गेली.

कंट्रोलरचं मुख्य काम पत्ते बदलण्याचं. एम-सिस्टिम्सच्या अमीर बान यांना 1995 मध्ये अशाच पद्धतीचं पेटंट मिळालं. संगणक आपल्या जुन्याच क्रमांकावर लिहितो, पण मजकूर प्रत्यक्षात कुठे ठेवायचा हे आतला तक्ता ठरवतो. असा तक्ता असला की वापरता वापरता ब्लॉक बिघडला तरी मजकूर राखीव ब्लॉकमध्ये हलवून नोंद बदलली की भागतं. पुसण्याचा भारही याच तक्त्यामुळे सगळ्या ब्लॉकवर सारखा वाटता येतो. सेलमध्ये एकच बिट असे तेव्हा ब्लॉक सुमारे 1 लाख वेळा पुसणं सोसायचा. तीन बिट कोंबल्यावर ही मर्यादा काही हजारांवर आली.

धडधाकट ब्लॉकसुद्धा वाचताना चुकतात, म्हणून गणित लागतं. आधी एका बिटची चूक सुधारणारा, 1950 चा हॅमिंग कोड पुरला. मग बीसीएच कोड आला. त्यातला 'बी' म्हणजे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलेले राजचंद्र बोस आणि 'सी' म्हणजे त्यांचे विद्यार्थी रायचौधरी. दोघांनी 1960 मध्ये हा कोड प्रसिद्ध केला. 'एच' म्हणजे फ्रान्सचे ओकेंगेम; त्यांना तो वर्षभर आधीच स्वतंत्रपणे सापडला होता. फ्लॅश मेमरी तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हती. कोणत्याही यंत्रावर नजर न ठेवता केलेल्या या गणिताबद्दल मला फार आदर वाटतो. आजच्या दाट चिपना तेही पुरत नाही; तिथे रॉबर्ट गॅलॅगर यांचा, त्याच काळातला पण तेव्हाच्या संगणकांना न झेपलेला एलडीपीसी कोड कामी येतो.

राखीव ब्लॉक संपले की पुष्कळ ड्राइव्ह लिहून घेणं थांबवतात, फक्त वाचू देतात. असं झालं तर फॉरमॅटच्या मागे न लागता आधी मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पेनड्राइव्हमधला विद्युतभारही हळूहळू झिरपतो. घरातल्या फोटोंची एकुलती एक प्रत त्यात ठेवू नका.