अल्पवय, लैंगिक अपराध आणि दंडातील सौम्यता

अल्पवयी अपराध्यास मिळणारा सौम्य दंड म्हणजे अपराधाला दिलेली क्षमा होय, असा समज सर्वत्र आढळतो. विधीची दृष्टी निराळी आहे: अपराध लहान मानला जात नाही, अपराध्याची बुद्धी अपक्व मानली जाते.

२००० च्या अधिनियमाने बाल्याची मर्यादा मुलगा व मुलगी या दोहोंसाठी १८ वर्षे ठरविली, आणि अपराध कितीही गंभीर असला तरी विशेष गृहातील वास्तव्य ३ वर्षांपुरतेच ठेवले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात या नियमाची कसोटी लागली. २०१३ साली प्रौढ आरोपींपैकी चौघांना मृत्युदंड झाला. अठरा वर्षांस काही महिने उणे असलेल्या सहआरोपीस ३ वर्षे. जन्मदिनांकातील एवढ्याशा अंतराने दंडात इतके अंतर पडावे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

२०१५ च्या अधिनियमाने मध्यम मार्ग स्वीकारला. किमान ७ वर्षांच्या कारावासास पात्र अशा अपराधाचा आरोप १६ वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाणीव आणि घटनेची परिस्थिती यांची प्राथमिक पारख करते. ही पारख म्हणजे दोषनिर्णय नव्हे. तीनंतर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तथापि मृत्युदंड अथवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

सारांश, सौम्यतेचा आधार जन्मतारखेवरून मनाच्या पारखेकडे सरकला आहे. ती उथळपणे झाल्यास पीडितेवर तरी अन्याय होतो, किंवा सुधारू शकणाऱ्या मुलावर तरी. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसल्यास तज्ज्ञाचे साहाय्य सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अनिवार्य ठरविले, त्याचे मर्म हेच होय.