'का'ची जागा

सकाळी सहा. कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं की इंदुरात उठावंच लागतं. ओला-सुका वेगवेगळा देऊन मी कोपऱ्यावर पोहे खायला जातो. वर शेव, जिरावन, सोबत जलेबी. पोहेवाला विचारतो, "सेव और?" क्रियापद नाही, तरी प्रश्न पोचतो. तासाभराने मी मुलांना सांगणार असतो की इंग्रजीत एवढ्यावर भागत नाही.

साडेसात. भंवरकुआँ. खरगोन, धार, बुऱ्हाणपूरहून बँकेच्या परीक्षांसाठी आलेली मुलं. फळ्यावर लिहितो, 'क्या तुम चाय पीते हो?' उत्तर येतं, "व्हॉट यू ड्रिंक टी?" मी हसत नाही. हिंदीतला 'क्या' दोन नोकऱ्या करतो: कधी वस्तू विचारतो, कधी नुसती हो-नाहीची वर्दी देतो. मुलांनी दुसऱ्याला पहिला समजून 'व्हॉट' केलं. इंग्रजीत वर्दीचा शब्दच नाही, तिथे जागा बदलते. 'यू आर टायर्ड'चं 'आर यू टायर्ड'.

"जागेने काय होतं, सर?" असं कुणीतरी विचारतंच. वर्गातल्या मराठी मुलांना मी म्हणतो, 'तू येतोस का?' आणि 'तू का येतोस?' यांतला फरक सांगा. शब्द तेच, पण 'का' हलला की यजमानाचा चेहरा बदलतो. मुलं हसतात आणि मग ऐकतात.

'आर', 'कॅन' असं काही नसेल तर 'डू' बोलवावा लागतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो हमाल. भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललं की मागच्याने हात लावायचा नाही, म्हणून 'डिड यू वेंट' चूक. शेक्सपिअरच्या काळी 'डू'वाचूनही प्रश्न चालत, हे मी एकदा बोलून बसलो. तेव्हापासून चुकलेली वही पुढे करताना मुलं म्हणतात, "सर, शेक्सपिअर."

दहा. वह्या. हुशार मुलीने लिहिलंय, 'हू डिड टेल यू?' नियम कळला की तो सगळीकडे लावायचा, हा हुशारांचा रोग. 'हू' स्वतःच कर्ता असेल तर हमाल नको: 'हू टोल्ड यू?'

बारा. रामबागेत घरी. जेवण, थोडी झोप. फळीवर आजोबांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे. तिने पिढ्या शिकवल्या, हे खरं. पण शब्दाला शब्द लावत बसायची सवय मोडायला मला आजही महिना लागतो.

चार. मुलाखतवाल्यांची बॅच. सुपर कॉरिडॉरवर इन्फोसिस, टीसीएस आल्यापासून सगळ्यांना अदबीने विचारायचं असतं. "कॅन यू टेल मी व्हेअर इज राजवाडा?" तीन आठवडे मीच 'इज' पुढे आणायला शिकवलं, आता मीच मागे न्यायला सांगतो. मुलं चिडतात, त्यांचं बरोबर आहे. इथे हिंदी मागे ठेवून मराठी काढतो: 'राजवाडा कुठे आहे ते सांगाल का?' 'का' एकदाच आलाय, आणि तो 'सांगाल'जवळ. उलटापालटही एकदाच, तिथेच: 'कॅन यू'. पुढचं सरळ: 'व्हेअर राजवाडा इज'. माझ्या मते ही युक्ती कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा लवकर कळते. वर्गातली हिंदी मुलंही 'का' शिकून घेतात.

साडेसहा. गृहिणींची बॅच. आपला 'ना' कुठल्याही वाक्याला चिकटतो, म्हणून सगळीकडे 'इजन्ट इट'. 'यू आर कमिंग'ला 'आर्न्ट यू' लागतं, हे दहादा म्हणून घेतो. मागच्या बाकावरच्या आजी म्हणतात, "सर, ते राहू द्या. नातू अमेरिकेत, मराठी कळत नाही त्याला. 'जेवलास का?' एवढंच सांगा." मी सांगतो, "हॅव यू ईटन?" त्या हातावर देवनागरीत लिहून घेतात.

साडेनऊ. सराफा. दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस शिजू लागतो. द्रोण हातात, तेवढ्यात फोनवर सकाळच्या बॅचचा निरोप: 'सर, टुमारो क्लास इज?'

'येस' एवढंच लिहिलं. 'इज' पुढे आणायचं काम साडेसातला.